साखरपुड्याची अंगठी विकायची आहे? गावखेड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गटाच्या बैठकीत हिशेब आटोपला, वह्या मिटल्या, की कोणीतरी मागे थांबते आणि हळूच अंगठीचा विषय काढते. पेरणी तोंडावर असते, पोराची फी भरायची असते, दवाखान्याचं बिल थकलेलं असतं. अशा बायांसोबत, कधी त्यांच्या पोरांसोबत, मी सराफाच्या दुकानात जात आले आहे. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. सगळ्यांत महत्त्वाचं आधीच सांगते: जो अंगठी विकत घेणार आहे, एकट्या त्याला तिचा कस ठरवू देऊ नका. कस आधी दुसरीकडे काढून घ्या, भावाचं मग बोला.

अंगठी घेतली तेव्हा ४६ हजार मोजले होते. विकताना तेवढे भेटतील का?

भाव तोच असेल तर नाही. समजा त्या अंगठीत ४० हजारांचं सोनं होतं. त्यावर १२ टक्के घडणावळ धरली तर ४,८०० रुपये, आणि सगळ्यावर ३ टक्के जीएसटी म्हणजे १,३४४ रुपये. झाले ४६,१४४. यातली घडणावळ आणि जीएसटी दुकानाबाहेर पाऊल टाकलं तेव्हाच गेले, ते कोणताही सराफ परत देत नाही. मोडीत फक्त सोन्याचे पैसे येतात.

पण उलटी गोष्ट जास्त नुकसान करते. गेल्या काही वर्षांत सोनं इतकं चढलं, की जुनी अंगठी घेतल्यापेक्षा महाग विकली जाते. "२० हजारांची घेतली होती, ३० देतो म्हणतात, आपला तर फायदाच झाला," असं म्हणून माणूस खुशीत घरी येतो. त्या दिवशीच्या भावाने तिचे ३८ हजार होत असतील तर हा आठ हजारांचा तोटा आहे. घेतलेली किंमत डोक्यातून काढून टाका. हिशेब आजच्या भावाचा.

मग वाजवी किंमत काढायची कशी?

कागद-पेन घ्या, मोबाइलचा कॅल्क्युलेटर चालेल. तीन आकडे लागतात: खडे वजा जाता निव्वळ वजन, सोन्याचा कस, आणि आजचा दर.

हिशेब सोपा जावा म्हणून धरू या की चोख सोनं, म्हणजे २४ कॅरेट, १० ग्रॅमला १ लाख रुपये आहे. ग्रॅमला १० हजार. अंगठीचं एकूण वजन ४.३५० ग्रॅम, त्यात खडे ०.२०० ग्रॅम. निव्वळ ४.१५० ग्रॅम. अंगठी २२ कॅरेटची, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. ४.१५० ला ०.९१६ ने गुणलं की ३.८०१४ ग्रॅम चोख सोनं निघतं. त्याचे ३८,०१४ रुपये. दोन टक्के घट (आटवताना जाणारं वजन) कापली तर हातात ३७,२५४ यायला हवेत. तुमच्या दिवसाचा खरा दर टाकून हाच गुणाकार पुन्हा करा.

आता यात पैसे कुठे गळतात ते बघा. पहिली जागा: कस दोनदा कापणे. दुकानदार २२ कॅरेटचा दर लावतो, ग्रॅमला ९,१६०. बरोबर आहे. मग म्हणतो, "तुमचं सोनं ९१.६ टंच आहे," म्हणजे शंभरात ९१.६ भाग चोख सोनं, आणि त्या दराने आलेल्या रकमेचे पुन्हा ९१.६ टक्के धरतो. ३८,०१४ चे ३४,८२१ होतात. २२ कॅरेटच्या दरात कस आधीच कापलेला असतो. टंचाने हिशेब करायचा तर दर २४ कॅरेटचाच धरला पाहिजे. समोर बसून शांतपणे विचारा, "भाऊ, हा दर चोखचा की बावीसचा?" एवढ्या प्रश्नाने पुष्कळ दुकानांत बोलण्याचा सूर बदलतो.

दुसरी जागा: कसही कमी धरायचा आणि घटही भरपूर लावायची. तीच अंगठी ८५ टंच धरली तर ३५,२७५, आणि वर १० टक्के घट काढली की ३१,७४८. वाजवी किमतीपेक्षा साडेपाच हजार कमी, आणि कागदावर सगळा हिशेब बिनचूक दिसतो.

घट किती लावावी? सोनार म्हणतो, "एवढी घट तं जातेच बाई."

घटीचा आकडा कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. तो बोलून ठरवायचा असतो, आणि म्हणूनच बोलायचा असतो.

घट कशाची, हे समजून घ्या. अंगठी मापात करताना कापून जोडलेली असते, तिथे टाका असतो, आणि टाक्याचा कस सोन्यापेक्षा कमी असू शकतो. खड्यांखाली मळ, साबण, कधी डिंकासारखं काही बसलेलं असतं. आटवल्यावर हे निघून जातं. साध्या, बिनखड्याच्या, हॉलमार्क (कसाचा अधिकृत शिक्का) असलेल्या अंगठीत असं जायला फारसं काही नसतं. माझ्या मते अशा अंगठीला दोन टक्क्यांपर्यंतची घट मान्य करावी. पाच सांगितली तर कारण विचारावं. दहा सांगितली तर अंगठी उचलावी आणि "येतो" म्हणून निघावं.

घटीवर वाद असेल तर आपल्यासमोर आटवायला सांगता येतं. सोनार अंगठी मुशीत ठेवतो, थोडा टाकणखार टाकतो आणि ज्योत धरतो. आधी ती काळवंडते, मग कडा बसते, आणि एका क्षणी सगळं एकवटून चकचकीत थेंब होऊन फिरायला लागतं. सोनं १,०६४ अंशांना वितळतं, त्या उष्णतेत ते उडून जात नाही. थंड झालेली गोळी पुन्हा तोला, तिचा टंच काढा. आता घटीचा प्रश्नच उरत नाही, कारण जे जायचं ते गेलेलं आहे. गोळीवर पुन्हा घट लावू देऊ नका. गोळी निघाली की मूस रिकामी आहे ना, कडेला कण चिकटलेले नाहीत ना, तेही बघा.

मात्र आटवण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. भाव पटला नाही तर गोळी घेऊन जाणार, आणि आटवण्याचे पैसे किती. हे न ठरवता अंगठी मुशीत गेली, की पुष्कळ जण "आता काय, मोडलीच" म्हणून मिळेल त्या भावात देऊन टाकतात. गोळी म्हणजे सोनंच आहे, ती दुसऱ्या दुकानातही विकली जाते.

हॉलमार्क आहे की नाही, कसं ओळखायचं?

अंगठीच्या आतल्या बाजूला बघा. अक्षरं बारीक असतात. हॉलमार्कचे दागिने विकणाऱ्या सराफाने १० पट मोठं दाखवणारं भिंग ग्राहकाला द्यायचं असतं, ते मागून घ्या. सध्याच्या हॉलमार्कात तीन खुणा असतात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) त्रिकोणी चिन्ह, कॅरेटसह कसाचा आकडा (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५), आणि अक्षरं-आकडे मिळून सहा जागांचा एचयूआयडी क्रमांक. हा क्रमांक 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपमध्ये टाकला, की दागिना कोणत्या प्रकारचा, कस किती, कोणत्या केंद्रात तपासला, हे दिसतं. हातात अंगठी आणि ॲपवर दुसराच दागिना दिसत असेल तर तो शिक्का खोटा आहे.

एचयूआयडी जुलै २०२१ पासून आला. त्याआधीच्या अंगठीवर तो नसणारच. तिथे बीआयएसचं चिन्ह, कस, तपासणी केंद्राची खूण आणि सराफाची खूण सापडेल. तोही खरा हॉलमार्कच. नुसतं "केडीएम" किंवा नुसतं "९१६" ठोकलेलं असेल तर तो हॉलमार्क नव्हे. केडीएमचा संबंध टाक्याशी आहे, त्यावरून कस कळत नाही.

आमच्या अंगठीवर कायबी लिहिलेलं नाही. ती विकता येते का?

येते. हॉलमार्कची सक्ती सराफाने विकण्यावर आहे, तुमच्या घरातल्या जुन्या सोन्यावर नाही. सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १ एप्रिल २०२३ पासून सराफाला या सक्तीत येणारे दागिने एचयूआयडीशिवाय विकता येत नाहीत. दोन ग्रॅमपेक्षा हलका दागिना या सक्तीतून सुटलेला आहे, त्यामुळे नाजूक अंगठी अगदी नवी असूनही कोरी असू शकते. "हॉलमार्क नाही, म्हणून निम्माच भाव" असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. शिक्का नसेल तर कस मोजायचा, इतकंच.

मोजायचा कुठे? बीआयएसची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात सामान्य माणसालाही आपला दागिना तपासून घेता येतो. चार नगांपर्यंत २०० रुपये शुल्क आहे. नागपूर, अमरावती आणि अकोला इथे अशी केंद्रं आहेत, पत्ते बीआयएस केअर ॲपवर मिळतात. तिथे मिळालेला लेखी अहवाल घेऊन मग सराफाची पायरी चढा. विकत घेण्यात केंद्राचा स्वार्थ नसतो, म्हणून हा कागद मला इतका मोलाचा वाटतो. पाच-सहा ग्रॅमची अंगठी असेल तर हा खर्च आणि एसटीचं भाडं सहज वसूल होतं. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहेच.

दुकानातलं कॅरेट मीटर खरं सांगतं का?

बऱ्यापैकी, पण ते वरचा थरच वाचतं. यंत्र क्ष-किरण सोडतं आणि पृष्ठभागावर कोणते धातू किती आहेत ते दाखवतं. टाक्याच्या जागी धरलं तर कस कमी दिसेल, मुलामा असेल तर जास्त दिसेल. म्हणून दोन-तीन वेगळ्या जागी धरायला सांगा आणि पडद्यावरचा आकडा आपल्या डोळ्यांनी वाचा, त्याची छापील चिठ्ठी मागा. सगळ्यांत खात्रीची पद्धत म्हणजे थोडं सोनं काढून भट्टीत तपासणं, ती हॉलमार्किंग केंद्रात होते. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून ॲसिड लावणारे जाणते सोनार अजून आहेत आणि त्यांची नजर पक्की असते, पण तो अंदाज आहे. ८८ आणि ९१ मधला फरक त्या रेघेवर ठरवू नये.

वजनात फसवणूक होते का?

१० मिलिग्रॅम, म्हणजे काट्यावर ०.०१०, एवढ्या फरकाचे वरच्या दराने ९० रुपयांवर होतात. म्हणून काटा आधी शून्यावर आहे का बघा, त्याची काच लावून घ्या, वर पंखा फिरत असेल तर बंद करायला सांगा. काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा चालू वर्षाचा पडताळणी शिक्का असायला हवा. घरून निघण्याआधी गावातल्याच एखाद्या सोनाराकडे वजन करून कागदावर लिहून न्या. वजन सांगायचं नाही, फक्त तुलनेला ठेवायचं.

जुन्या चिठ्ठीत तोळे, मासे, गुंजा लिहिल्या आहेत. ते ग्रॅममध्ये किती?

आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. त्यामुळे मासा साधारण ०.९७ ग्रॅम आणि गुंज ०.१२ ग्रॅम. आज बाजारात तोळा म्हटलं की १० ग्रॅम समजतात. आजेसासूच्या काळच्या चिठ्ठीत "पाऊण तोळा" असेल तर ते साडेसात नाही, पावणेनऊ ग्रॅम आहे. ती अंगठी आज साडेसात भरली तर झीज झाली की मधे कोणी बदलली, याचा विचार करावा लागेल.

खड्यांचे पैसे भेटतात का?

गावाकडच्या बहुतेक अंगठ्यांत अमेरिकन डायमंड असतो. त्याला मोडीत काही किंमत नाही. पण म्हणूनच खडे काढून वजन करा. काहीजण अंदाजाने "अर्धा ग्रॅम खडे" धरतात, प्रत्यक्षात ते ०.१५० निघतात. उरलेलं ०.३५० ग्रॅम तुमचं सोनं होतं. आणि काढलेले खडे मागून घ्या, ते तुमचे आहेत.

खरा हिरा असेल तर मन थोडं घट्ट करावं लागतं. सोन्याला जसा रोजचा जाहीर दर आहे तसा हिऱ्याला नाही, आणि छोट्या हिऱ्यांना जुन्या बाजारात गिऱ्हाईक फार कमी. घेतलेल्या किमतीच्या आसपासही कोणी येत नाही. त्यातून प्रयोगशाळेत बनवलेले हिरे आल्यापासून किंमत आणखी घसरली आहे. हे हिरे खरेच असतात, दुकानातल्या पेनासारख्या हिरा-परीक्षकावर तेही "हिरा" म्हणूनच दाखवतात. मॉयसनाइट नावाचा खडासुद्धा त्यातल्या साध्या यंत्राला फसवतो. म्हणून प्रमाणपत्र असेल तर ते, आणि मूळ बिल, जपून न्या. ज्यांच्याकडून घेतली त्यांनीच हिऱ्याच्या परतीची हमी दिली असेल तर आधी तिथेच जा. तालुक्याच्या सोनाराला हिरा विकू नका. त्याला पुढे विकता येत नाही, मग तो फक्त सोन्याचे पैसे देऊन हिरा तुमच्याकडून फुकट घेतो. पटत नसेल तर हिरा काढून घरी ठेवा आणि सोनंच विका. हिऱ्याची अंगठी बहुधा १८ किंवा १४ कॅरेटची असते, तेव्हा ९१६ चा हिशेब तिला लावू नका.

विकावी कुठे? गावातल्या सोनाराला, तालुक्याला, की नागपूरला?

पहिलं दार, ज्याने विकली त्याचं. बिलाच्या मागे परतीच्या अटी छापलेल्या असतात. त्या वाचा, वाचता येत नसतील तर पोरीकडून वाचून घ्या. कित्येक दुकानं आपल्याच दागिन्याला बदलीत पूर्ण भाव देतात आणि रोखीत कापतात.

मग आणखी दोन ठिकाणी विचारा. एका दुकानाचा भाव दुसऱ्याला सांगू नका, अंगठी सोडून येऊ नका. नागपूरचं इतवारी, अमरावती-अकोल्याचे सराफे इथे दुकानं लागून असल्याने तासाभरात चार भाव कळतात. मोठ्या अंगठीला तो फेरा परवडतो. दीड ग्रॅमच्या अंगठीसाठी यवतमाळच्या आतल्या खेड्यातून नागपूर गाठलं तर मजुरी बुडते, आणि जास्तीचे मिळालेले दोनशे रुपये वाटेतच खर्च होतात.

अजून एक वाट आहे जी मला सगळ्यांत आवडते. नात्यात, ओळखीत कोणाचा साखरपुडा ठरला असेल तर अंगठी तिथे द्या. त्यांना नवीवरची घडणावळ आणि जीएसटी वाचतो, तुम्हाला घट लागत नाही. दोघांनी मिळून वजन आणि कस काढून घ्यायचा आणि त्या दिवसाच्या २२ कॅरेटच्या दराने व्यवहार करायचा. अंगठी न मोडता अंगठी म्हणूनच विकली जाते. अर्थात दुसऱ्याच्या साखरपुड्याची अंगठी सगळ्यांना चालत नाही, त्यामुळे आग्रह करू नये.

लोकांना कळू नये म्हणून लांबच्या दुकानात, घाईत दिली तर?

हीच घाई महागात पडते. लाजेपोटी माणूस दुसऱ्या दुकानात विचारत नाही, वजन बघत नाही, पावती मागत नाही. समोरचा ते चेहऱ्यावरून ओळखतो. अडचणीत सोनं मोडण्यात खाली मान घालण्यासारखं काही नाही, आपल्याकडे सोनं घेतात ते याचसाठी. लांब जायचं तर जा, पण विश्वासाचं एक माणूस सोबत न्या. दोघं असली की "नको, विचार करून येतो" म्हणणं सोपं जातं.

विकू की गहाण ठेवू?

पैसे चार-सहा महिन्यांत येणार असतील, कापूस निघायचा आहे, सोयाबीनची पट्टी यायची आहे, तर आधी गहाणाचा विचार करा. विकलेली अंगठी पुन्हा घ्यायची तर घडणावळ आणि जीएसटी पुन्हा भरावा लागतो, म्हणजे दहा-पंधरा टक्के तिथेच गेले. बँकेचं सहा महिन्यांचं व्याज बहुतेक वेळा यापेक्षा कमी पडतं. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढलेल्या नव्या निर्देशांत अडीच लाखांपर्यंतच्या सोनेतारण कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. ही किंमत सोन्याचीच धरतात, खड्याची नाही. कर्ज फिटल्यावर दागिना परत द्यायला सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त लावले, तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाईही त्यात सांगितली आहे.

रक्कम छोटी असेल तर आधी गटातून कर्ज घ्या. दहा हजारांसाठी अंगठी मोडू नये.

सावकाराकडे ठेवायची वेळ आलीच तर परवाना बघितल्याशिवाय ठेवू नका. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि तक्रार सहकार खात्याच्या सहायक किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. बिनपावतीची गहाण अंगठी सोडवताना "ही तुमची नव्हेच" असं ऐकलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

पण परतफेडीचा पैसा कुठून येणार हेच दिसत नसेल, तर गहाण ठेवून व्याज वाढवत बसू नका. चांगला भाव काढून विका आणि मोकळे व्हा.

भाव कधी चांगला असतो?

सोन्याचा दर जगाच्या बाजारावर आणि डॉलरवर चालतो. तो उद्या चढेल की उतरेल हे सांगणाऱ्यावर विसंबू नका. आपल्या हातात एवढंच असतं, की पैसे लागण्याच्या दिवशीच विकायला निघू नये. मृग लागल्यावर बियाण्यासाठी निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत पैसे घेऊनच परतणार, हे दुकानदारालाही माहीत असतं. महिनाभर आधी कस काढून ठेवा, दर बघत राहा. इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन कामकाजाच्या दिवशी ९९९, ९१६, ७५० अशा कसांचे दर जाहीर करते, त्यात जीएसटी नसतो. वर्तमानपत्रातला नागपूर सराफ्याचा दरही बघा, पण तो जीएसटीसह आहे की सोडून, ते खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

जीएसटी कापतात का? आयकर लागतो का?

घरचं जुनं सोनं विकणाऱ्या सामान्य माणसाला जीएसटी नाही. केंद्र सरकारने जुलै २०१७ मध्येच हे स्पष्ट केलं होतं. "तीन टक्के सरकारचे" म्हणून कोणी कापत असेल तर ते देऊ नका. बदलीत नवा दागिना घेतला तर मात्र त्या नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर जीएसटी लागतो, जुन्याची किंमत वजा करून उरलेल्या फरकावर नाही.

आयकर नफ्यावर आहे. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ जवळ असलेलं सोनं २३ जुलै २०२४ नंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के. भेट मिळालेल्या अंगठीला, देणाऱ्याने मोजलेली किंमत हीच तुमची खरेदी किंमत धरतात. ज्यांचं एकूण उत्पन्न मूळ सूट मर्यादेच्या आत आहे त्यांना एका अंगठीवर कर येत नाही. विवरणपत्र भरत असाल तर भरणाऱ्याला नक्की सांगा.

रोख घ्यावी की खात्यात?

खात्यात. सराफही एका दिवशी एकाला १० हजारांपेक्षा जास्त रोख द्यायला कचरतो, कारण तो खर्च त्याला आयकरात दाखवता येत नाही. अंगठी हातातून सोडण्याआधी पैसे खात्यात आल्याचा संदेश बघा. फक्त समोरच्याच्या मोबाइलवरचं हिरवं चिन्ह बघून उठू नका.

खरेदीची पक्की पावती घ्या. तिच्यावर एकूण वजन, खडे, निव्वळ वजन, कस, दर, घट, रक्कम, हे सगळं पाहिजे. आधारची झेरॉक्स मागतील, ती द्यावी, पण तिच्यावर "फक्त अंगठी विक्रीसाठी" असं लिहून तारीख टाकून सही करा.

बिल हरवलं आहे. किंवा बिल सासऱ्यांच्या नावावर आहे.

बिल नसलं तरी विकता येते, ओळखपत्र दाखवावं लागतं. चोरीचा माल घेणं गुन्हा असल्याने चांगला सराफ चौकशी करतो, त्याचा राग मानू नका. बिल दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्यांना सोबत न्या किंवा दोन ओळी लिहून घ्या. साखरपुड्याचा, बोटात अंगठी असलेला फोटोही दाखवायला बरा पडतो.

नवरा म्हणतो विक, माझं मन नाही.

लग्नात, साखरपुड्यात तुम्हाला घातलेली अंगठी हे तुमचं स्त्रीधन आहे. त्यावर नवऱ्याचा किंवा सासरचा मालकी हक्क नाही. अडचणीत नवऱ्याने वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याची राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येही पुन्हा सांगितलं. घरात अडचण असेल तर तुम्ही विकालही, पण तो तुमचा निर्णय असू द्या, आणि पैसे तुमच्या खात्यात येऊ द्या.

साखरपुडा मोडला. अंगठी विकली तर चालेल का?

आधी देणंघेणं मिटवा, मग विक्रीचं बघा. आपल्याकडे बहुतेक घरांत चार जाणत्यांसमोर दोन्हीकडच्या वस्तू परत होतात. ज्या वस्तू परत करायच्या त्यांची यादी, वजनासह, एका कागदावर लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या. समोरचे "राहू द्या" म्हणाले तर तेही त्याच कागदावर लिहून घ्या. तोंडी "राहू द्या" सहा महिन्यांनी फिरतं, आणि विकलेली अंगठी तेव्हा कुठून आणणार?

ऑनलाइन जाहिरात देऊन विकली तर?

मी सांगणार नाही. "आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारे तिथे फार. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. तसंच, "विकायच्या आधी चकाचक करून देतो" म्हणून दारावर येणाऱ्या पॉलिशवाल्याला अंगठी देऊ नका. त्याच्या पाण्यात सोनं विरघळवणारं ॲसिड असू शकतं. अंगठी चमकते आणि वजन घटतं. चमकेचे मोडीत पैसे येत नाहीत. घरीच कोमट पाण्यात साबण घालून मऊ ब्रशने धुवा, पुरे.

फसवणूक झाली असं वाटतं. कुठे जायचं?

काट्याबद्दल तक्रार असेल तर जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र कार्यालयात. हॉलमार्क ९१६ चा आणि कस कमी निघाला, तर ज्याने ती अंगठी तुम्हाला विकली त्याच्याकडे मागणी करा. बीआयएसच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे कमी भरलेल्या कसाच्या फरकाची दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळतो. त्यासाठी बिल आणि केंद्राचा अहवाल लागतो, म्हणून शंका असेल तर अंगठी आटवू नका. तक्रार बीआयएस केअर ॲपवरून करता येते, आणि ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे मराठीत बोलता येतं.